छातीउंचीची रेघ

सांगते, पर आधी ती तुजी मापाची फीत पिशवीत ठेव, ती म्होरं असली की मला बोलता यायचं न्हाई. माझं नाव चिमाबाई, माहेर कासारवाडीचं. तवाची कासारवाडी म्हंजी काय, रूळ, रुळाच्या अंगाला चार घरं, आन् पलीकडं नदीपत्तुर मेथी-कोथिंबिरीचे वाफे. बाप माझा रेल्वेत गँगमन व्हता. त्याच्याकडं एक लोखंडी दांडी असायची, दोन रुळांच्या मधी आडवी धरायची, नीट बसली तर रूळ बराबर, न्हाई बसली तर हातोडा घ्यायचा. एकदा दांडी घरीच इसरला आन् दापोडीपत्तुर गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, तर भर उन्हाचा चालत माघारी आला. आई म्हनली, आवं इतकी वर्सं काम करताय, डोळ्याला दिसत न्हाई व्हय, तर म्हनला डोळा आज एक सांगतो आन् उद्या एक, माझ्या डोळ्यावर गाडी कशी सोडू. पानी प्याला, दांडी खांद्यावर टाकली आन् गेला. ही गोष्ट मी पैली का सांगितली ते तुला फुडं कळंल. अशा बापाची मी लेक, आकडे बी त्यानंच शिकवल्याले, रुळाच्या खडीवर खडूनं लिहून.

लगीन झालं पंधराव्या वर्षी, हितं महाळुंग्याच्या शिवाराला. डोंगराच्या पायथ्याला वाडी व्हती आमची, आता तिथं कंपनीचं गोडाऊन हाय, ट्रक लागत्यात रांगेनं, तू येताना बघितलं असशील. नवरा कसा ते कुठं ठाऊक, अंतरपाट खाली घेतला तवा माझ्या डोळ्याम्होरं नुसत्या सदऱ्याच्या गुंड्या. मान वर करून बघावं तर तोंड पार तिकडं वर. बायका हसाया लागल्या, नवरीला शिडी द्या म्हनल्या. आन् गर्दीत मागनं कुनीतरी ढकललं, मी जाऊन आपटले ह्यांच्यावर, तर माझ्या कपाळाचं कुंकू लागलं ह्यांच्या सदऱ्याला, वरनं दुसऱ्या गुंडीवर, बराबर. सासू म्हनली नवा सदरा खराब केला पोरीनं. ह्यांनी तो सदरा परत घातला न्हाई, धुवायला बी दिला न्हाई, घडी करून ठिवला. नाव म्हादू. आता घेते मी नाव, तवा घेत नव्हते. पुढं मी काय फार वाढले न्हाई, आन् हे तर वाढून बसलेच व्हते, म्हंजी जलमभर आमचं असंच, माझं कपाळ आन् ह्यांची दुसरी गुंडी. जलमभर म्हनते मी, पर चार वर्सं व्हतं ते, पुरती चार बी न्हाईत.

ह्यांचं काम डोंगराची राखन. डोंगर सरकारचा, पर आमी म्हनायचो आमचा. खाली पळस आन् खैर, मधी साग आन् धावडा, वरच्या अंगाला ऐन. आत शिरलं की भर दुपारी गार वाटायचं. तिथनं एक ओढा यायचा खाली, उन्हाळ्यात बी त्यात वंजळभर पानी असायचं, आमी बायका तिथंच भांडी भरायचो. ह्यांना झाडन्‌झाड ठाऊक, कुठल्या झाडाला कवा चीक येतो, कुठल्याचं साल ढोरांनी खाल्लं, घरी आले की माझ्याशी तेच बोलायचे, मी म्हनायची माझ्याबद्दल बी बोला कवातरी, मी बी हाय हितं उभी.

मंग एक सायेब यायला लागला, पुन्याचा, चश्म्याचा, बोलायला मऊ. त्याचा एक गुडघा दुखायचा, घोंगडी टाकल्याशिवाय बसायचा न्हाई. स्वराज्य येऊन पाच-सात वर्सं झाली असतील तवा, काळ म्हनशील तर तेवढा. त्यानं सांगितलं सरकारला एक बघायचंय. रान हाय तसं दाट ठिवलं तर झाडं किती वाढत्यात, आन् मधली वाकडी, किडकी, एकमेकाला खेटून उगवल्याली काढून टाकली तर राहिल्याली किती वाढत्यात. ह्यांनी मला घरी येऊन समजावलं, आपन बाजरीची विरळनी करतो का न्हाई, दाट उगवली तर मधली रोपं उपटायची, मंग उरल्याल्याला जोर येतो, तसंच हे, पर झाडाला खरंच तसा जोर येतो का हे मापून बघायचं. मी म्हनले बाजरीचं चार महिन्यात कळतं, झाडाचं कळंपत्तुर आपली हाडं जातील मसनात. तर म्हनले, सायेब म्हनतो दोन वर्सात कळंल. काय सांगू तुला, कसं बोलून जातं मानूस.

दोन पट्टे आखले शेजारीशेजारी, मधी ओढा. अल्याडचा पट्टा विरळ करायचा, पल्याडच्याला हात लावायचा न्हाई, पाय बी ठेवायचा न्हाई, राखनदारानं सुदिक कडंकडंनं फिरायचं. झाडाझाडाला पत्र्याचा नंबर ठोकला. आन् बुंध्याच्या घेराचं माप घ्यायचं, एकदा आत्ता, विरळनीच्या आधी, आन् एकदा दोन वर्सांनी. ज्या पट्ट्यातली झाडं जास्ती जाड झाली, तसं मंग सगळ्या डोंगराचं करायचं, म्हंजी एक तर सगळा डोंगर ठेवायचा न्हाईतर सगळ्याला कुऱ्हाड लावायची. एवढं त्या मापावर व्हतं.

हे पैलं माप मी बघितलं न्हाई. मी कासारवाडीला बाळंतपनाला गेले व्हते, माझी हौसा झाली तवा. नशीब कुठं फिरतं बघ पोरी, एक दिस जरी मी त्या रानात असते, एक झाड जरी ह्यांना मापताना बघितलं असतं, तर आज तुझ्याशी असं बोलत बसले नसते. हे मला आनायला आले तवा एवढंच म्हनले, महिनाभर झाडांना मिठ्या मारतोय, अंगाचा डिंकाचा वास जाईना. मी म्हनले मी न्हाई तर झाडं का. हसले. फीत लावायची, आकडा वरडायचा, आन् जिथं फीत लावली तिथं जवसाच्या तेलात कालवल्याल्या गेरूची रेघ वढायची, म्हंजी पुढल्या येळंला बराबर तिथंच फीत लागंल. एवढंच मला ठाऊक, की रेघ असती.

हिवाळ्यात विरळनी सुरू झाली. ह्यांच्यासंगं चार मानसं व्हती. एक सांजच्याला आले, पायाला चिंधी, म्हनले कोयता निसटला. जखम एवढीशी, माझ्या करंगळीएवढी. हळद दाबली, दुसऱ्या दिवशी परत गेले डोंगरावर. आठव्या दिवशी भाकरीचा घास तोंडात जाईना. मी म्हनले काय झालं, तर म्हनले जबडा धरलाय, थंडीनं असंल. दुपारपत्तुर पाठ अशी कमानीवानी वाकायला लागली की दोघंजन धरंनात. धनुर्वात. बैलगाडीत घातलं, चाकनला डॉक्टर व्हता तिकडं निघालो, मी मागं बसून डोकं मांडीवर घेतल्यालं, आन् एवढा लांबलचक मानूस, पाय गाडीच्या भाईर. त्याच साली लोक सांगायचे, पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना हुबा ऱ्हातोय, सगळ्या देशाला औषध जानार तिथनं. जात असंल. आमची गाडी चाकनच्या अलीकडंच थांबली.

बायकांनी माझं कपाळ पुसलं. तो कुंकवाचा सदरा सासूनं ह्यांच्याच अंगावर घातला, म्हनली ज्याचा त्याला जाऊंदे. मी मनात म्हनले एवढा एक तरी ठेवा, पर म्हनले न्हाई. माझं हे असंच, पोरी, जिथं तोंड उघडायला पायजे तिथं माझं तोंड उघडत न्हाई, आन् हितं बघ किती बोलते.

सायेब आला भेटायला, अंगनात उभा ऱ्हायला, चश्मा पुसत. सासूला म्हनला राखनीवर हिलाच ठेवू. दीर म्हनला बाईमानसाला डोंगरावर कोन ठेवतं, हिला माहेरी धाडायची हाय. सायेब म्हनला दोन वर्सं थांबा, ते माप नीट पार पडलं की हिला मी कायम करतो, म्हादूची जागा हाय, म्हादूच्या घरातच ऱ्हाऊंदे. म्हंजी माझं ऱ्हायचं-जायचं बी त्या मापावर आलं. हौसाला पाठीला बांधून मी डोंगराच्या कडंकडंनं फिरायला लागले. अल्याडचा पट्टा उघडा झाल्याला, ऊन थेट खाली यायचं, गवत उगवलं तसं ढोरं घुसायला लागली, मी हाकलायची आन् ती परत यायची. पल्याडचा पट्टा तसाच काळाभोर. लांबनं बुंध्यावर ह्यांच्या रेघा दिसायच्या, चढावरची झाडं, आपन खाली, त्या किती उंचीवर हाईत ते कुठं कळतं. आत जायची बंदी व्हती, म्हून मी लांबनंच बघायची आन् म्हनायची, बसा तिथं, मी हाय.

दोन पावसाळे गेले. सायेब वही घेऊन आला. गुडघा तवर पार गेल्याला, त्याला चढ जमंना, ओढ्याकाठच्या दगडावर घोंगडी टाकून बसला आन् म्हनला, चिमाबाई, तू फीत लाव, आकडा वरडून सांग, मी लिहितो. रेघ असंल तिथं रेघेवर घे, रेघ गेली असंल तिथं म्हादू घ्यायचा तसं घे, छातीवर. आन् तो शब्द तोंडातनं निघाला आन् त्यानं मान खाली घातली, वहीची पानं उलटायला लागला उगीचच. मी एकवीस-बावीस वर्सांची विधवा बाई, तो परका बापय. मी पदर वढून घेतला आन् वळले. कुनाच्या छातीवर सायेब, एवढंच इचारायचं व्हतं. तीन शब्द. त्यानं बी सांगायचं व्हतं, म्हादूच्या, म्हंजी साडेचार फुटावर. त्याला लाज वाटली, मला लाज वाटली. आमच्या दोघांच्या लाजंपायी काय झालं ते ऐक.

अल्याडच्या पट्ट्यात रेघा कुठल्या उरत्यात. उघड्यावर पाऊस झोडपतो, ऊन साल तडकावतं, ढोरं अंग घासत्यात, गेरू पार गेल्याला. मी नंबर बघायची, बुंध्याला मिठी मारायची आन् फीत माझ्या छातीवरनं फिरवायची. छाती ती छाती, मला वाटलं मानसाला छाती असती तिथं ती. झाड खाली जाड असतंय आन् वर बारीक व्हत जातंय हे मला काय कळत नव्हतं व्हय, कळत व्हतं, पर ह्यांची छाती कुठं आन् माझी कुठं हे मनात आलंच न्हाई. ज्या मानसाच्या गुंडीवर माझं कुंकू लागलं त्याची उंची मी इसरले, असं म्हन. मी आकडा वरडायची आन् खालनं सायेब जुना आकडा बघून म्हनायचा वा. परत वरडायची, परत वा. दुसऱ्या दिवशी तर गुडघा इसरून उभाच ऱ्हायला, म्हनला चिमाबाई, दुपटीनं वाढली गं झाडं, दुपटीनं, म्हादू असता तर नाचला असता. मला किती बरं वाटलं सांगू, दोन वर्सांत पैल्यांदा कुनी त्यांचं नाव हसून घेतलं व्हतं.

तिसऱ्या दिवशी पल्याड गेलो. सायेब परत खाली दगडावर. मी दोन वर्सांनी त्या रानात पाय ठेवला. आत गार, पाऊस पानापानावरनं गळून खाली येतो तर बुंध्याला मार बसत न्हाई, ढोरं न्हाईत, काय न्हाई. पैलाच नंबर सागाचा. रेघ जशीच्या तशी, तपकिरी पडल्याली, बोटाच्या जाडीची, आन् तिच्या शेवटाला ह्यांचा अंगठा उमटल्याला. मी फीत घेऊन जवळ गेले, आन् रेघ माझ्या कपाळावर आली. छातीवर न्हाई. कपाळावर, कुंकवाच्या जागंला.

एका क्षनात सगळं कळलं. अल्याडचं दोन दिवसांचं सगळं माप खाली घेतलंय मी, हातभर खाली, जाड बुंध्यावर. झाडं वाढली नव्हती दुपटीनं, मी बुटकी व्हते. खालनं सायेब वरडला, चिमाबाई, सांग आकडा. बाप डोळ्याम्होरं आला बघ, उन्हाचा चालत येनारा, दांडीसाठी. मी म्हनले आत्ता खाली जावं आन् सांगावं. मंग मनात आलं, काय सांगू, की सायेब माझी छाती खाली हाय, असं म्हनू परक्या बापयाला? आन् तो म्हनंल बाईला ठिवली हीच चूक झाली, दीर तर वाटच बघतोय, उद्या मला कासारवाडीला धाडतील, आन् ही झाडं परत दिसायची न्हाईत. असं सगळं एकदम आलं. मी काय केलं तर कपाळ टेकवलं त्या रेघेवर. गेरू गार लागला. लगनात आपटले तशी उभी ऱ्हायले, थोडा येळ, कुनी बघत नव्हतं. मंग फीत लावली, रेघेवरच लावली, बराबर त्यांच्या छातीवर, आन् आकडा वरडले.

खरं सांगते पोरी, माझा हात त्या रेघेवरनं खाली सरकलाच न्हाई. सगळ्या पल्याडच्या पट्ट्याचं माप मी ह्यांच्या रेघेवर घेतलं, एकेक झाड, आन् एकेकाला आधी कपाळ टेकवलं. ते तीन दिस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे, असं म्हनले तर तू मला येडी म्हनशील. सायेब वा म्हनत नव्हता आता, नुसता लिहीत व्हता, मधीच म्हनला हितली झाडं काय वाढलीच न्हाईत की. मी फुडल्या झाडाकडं गेले.

कागद वर गेला. मी कायम झाले, दीर गप बसला. फुडच्या दिवाळीनंतर हुकूम आला की सगळ्या डोंगराची विरळनी करायची, पल्याडच्या पट्ट्यासकट, त्याचं काम झालं म्हनं. ठेकेदार आला, मानसं आली, बैलगाड्या आल्या. हुकमात लिवल्यालं की वाकडी काढा, किडकी काढा, आन् ठेकेदाराला वाकडी घेऊन काय करायची, त्यानं सरळ सागच पाडले आधी, इचारनारा कोन, सायेबाला चढ जमत न्हाई. एक दिस मी वाटंच्या कडंला उभी, हौसा कडंवर, आन् गाडी समोरनं गेली. गाडीत लाकडं आडवी, टोकं मागं भाईर निघाल्याली, आन् सालीवर रेघ. मागच्या गाडीत परत रेघ. सगळ्या एका उंचीच्या रेघा, आडव्या पडल्याल्या, खडखडत चालल्या चाकनच्या रस्त्यानं. ह्याच रस्त्यानं मी ह्यांना नेलं व्हतं. मी दुसऱ्यांदा बघितलं, पाय गाडीच्या भाईर.

मंग माझं तोंड उघडलं. तशीच चालत गेले चाकनला, सायेबाचा मुक्काम तिथं असायचा. दारातच म्हनले, सायेब, माप चुकल्यालं हाय. अल्याड रेघा नव्हत्या तिथं मी माझ्या छातीवर घेतलं. ह्यांची छाती माझ्या कपाळाला येती. बोलले, त्याच्या तोंडाकडं बघून बोलले, लाज कुठं गेली काय ठाऊक. सायेबानं चश्मा काढला. माझ्याकडं बघितलं वरपासनं खालपत्तुर, पैल्यांदा बघितलं म्हन, मी केवढी हाय ते. मंग म्हनला, आन् पल्याड? मी म्हनले पल्याड रेघा व्हत्या, रेघेवर घेतलं. तर डोकं धरून बसला आन् म्हनला, चिमाबाई, दोन्हीकडं चुकली असतीस तरी चाललं असतं गं. दोन्हीकडं तुझ्याच छातीवर घेतलं असतंस तर दोन्हीकडचा आकडा सारखाच फुगला असता आन् खरं काय ते दिसलं असतं.

ते मला आजपत्तुर सोडत न्हाई. मी एका बाजूला चुकले म्हून न्हाई, दुसऱ्या बाजूला बराबर वागले म्हून डोंगर गेला. ह्यांच्या रेघेवरनं हात काढला असता तर ह्यांची झाडं ऱ्हायली असती. सांग मला, असं कुनाचं झालंय का.

सायेब वाईट मानूस नव्हता. मला रागावला न्हाई, म्हनला मीच उठून बघायला पायजे व्हतं, मीच सांगायला पायजे व्हतं, मला एक शब्द बोलायचा संकोच झाला. कागद लिहिला त्यानं परत, वर धाडला, उत्तर आलं का न्हाई मला ठाऊक न्हाई, गाड्या काय थांबल्या न्हाईत. वर्साभरात त्याची बदली झाली. जायच्या आधी आला, अंगनातच उभा ऱ्हायला, हातात एक काठी, बांबूची, टोकाला लोखंडी कडं. म्हनला ही साडेचार फुटाची काठी, पैल्या दिवशी मी म्हादूच्या अंगाला लावली व्हती, ती बराबर त्याच्या दुसऱ्या गुंडीला आली, म्हून मी म्हनलो काठी कशाला, म्हादूच माझी काठी, आन् ही कचेरीत टाकून दिली. ही तुझ्याकडं ऱ्हाऊंदे. दुसऱ्या गुंडीला, असं तो म्हनला, त्याला काय ठाऊक त्या गुंडीचं. मी काठी घेतली, आत गेले आन् दार लावून घेतलं.

डोंगर मंग उघडा तो उघडाच ऱ्हायला. माती व्हावून गेली, ओढा आधी उन्हाळ्यात आटला, मंग दिवाळीलाच आटायला लागला. मी राखन करत ऱ्हायले, कशाची ते इचारू नको, गवताची. मंग कंपन्या आल्या, खडी न्यायला डोंगर फोडला, आता जो उंचवटा दिसतो कुंपनाच्या आत, तेवढा हाय. हौसा माझी वाकडला ऱ्हाती, तिच्या नातवाच्या घरी, बाराव्या मजल्यावर. ती म्हनती आई, तुझं माप बराबर असतं तरी त्यांनी पाडलंच असतं, सगळीकडचीच पाडली, तुझ्या एका फितीनं काय झालं. शानी हाय माझी लेक, खरंच असंल. पर कागदावर जो आकडा व्हता तो मी वरडलेला व्हता. दुसऱ्याचा असता तर मी बी म्हनले असते, जाऊंदे.

परवा तुला बघितलं कुंपनाच्या कडंला, त्या चार झाडांना फीत लावताना, म्हून मी हौसाच्या धाकट्या लेकाला, जो माझ्याकडं हितं ऱ्हातो, त्याला म्हनले त्या पोरीला बोलाव. तू सांगितलंस छातीउंचीवर माप घेते, झाडं लावल्यावर आन् न लावल्यावर काय फरक पडतो ते बघायचंय. तुजी उंची बरी हाय म्हना, पर तुज्या संगं ती दुसरी मुलगी व्हती ना, ती माझ्याएवढीच हाय. तीच फीत लावत व्हती.

ती कोपऱ्यातली काठी घे हातात. घे, भिऊ नको. आता हिला माझ्या म्होरं उभी धर. ज्या साली सायेबानं दिली त्या साली ती माझ्या कपाळाला यायची, कुंकवाच्या जागंला, मी रोज सकाळी टेकवायची, घरात कुनी नसलं की. मंग काय वर्सांनी केसाच्या भांगाला यायला लागली. आता बघ, पार डोक्याच्या वर गेली. ते हाईत तिथंच हाईत, पोरी, मीच खाली खाली चाललीय.

ने ती काठी. खरंच ने, मला आता तिच्यावर कपाळ टेकवता येत न्हाई. तुला उदंड आयुष्य मिळू दे, तुज्या झाडांना मिळू दे. त्या दुसऱ्या मुलीला बी सांग, कुनी म्हनलं छातीवर घे, तर लाजायचं न्हाई, इचारायचं, कुनाच्या म्हनून.